मोर्चा कचेरी‘वर’च का जातो?

मराठीत मिरवणूक गावातून निघते, दिंडी पंढरपूरला जाते, वरात वाजतगाजत घरी येते. मोर्चा मात्र कुणावर तरी जातो. मंत्रालयावर, विधान भवनावर, तहसील कार्यालयावर. नळाला चार दिवस पाणी आलं नाही की नगरपालिकेवर. ‘मोर्चा कलेक्टर कचेरीला गेला’ असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर ऐकणाऱ्याला वाटेल, माणसं दाखले काढायला गेली असावीत. हा ‘वर’ चढाईचा आहे. स्वारी मुलखावर होते, छापा छावणीवर पडतो, तोफ बुरुजावर डागतात. मोर्चा याच जातकुळीतला.

एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती: लढाईतला शब्द आंदोलनात आला, विषय संपला. पण मूळच्या लढाईत मोर्चा चालत नसे. तो जमिनीत खणलेला असे. हातात झेंडे घेऊन चालणाऱ्या माणसांच्या घोळक्याला एका खणलेल्या आडोशाचं नाव मिळालं, आणि मिळाल्यावरही त्या आडोशाच्या कितीतरी खुणा या शब्दाला चिकटून राहिल्या. त्या ओळखायच्या तर आधी किल्ल्याच्या तटाखाली जायला हवं.

शब्द फारसीच्या वाटेने आला. तिकडे मूरचाल म्हणजे लढाईसाठी खणलेला चर, खंदकवजा आडोसा. ‘मूर’ म्हणजे मुंगी आणि ‘चाल’ म्हणजे खड्डा अशी त्याची फोड सांगतात. मुंग्यांच्या बिळाच्या तोंडाशी उकरलेली माती कशी गोल साठते ते पाहिलेल्या माणसाला ही फोड पटायला वेळ लागत नाही: आत पोकळी, बाहेर मातीचा कठडा. बखरींमधून आणि जुन्या पत्रांमधून ‘मोर्चे लाविले’, ‘मोर्चे बसविले’, ‘मोर्चे कायम केले’ अशी भाषा सतत भेटते. (देवावर किंवा राजावर ढाळतात ते मोर्चेल वेगळं. ते मोराच्या पिसांचं असतं आणि त्याचा या मातीकामाशी काही संबंध नाही.) शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या यावनी, म्हणजे फारसी-अरबी, शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी मोर्चा, किल्ला, फौज, रसद, कुमक ही मंडळी मराठीत राहिली ती राहिलीच. लढाईच्या धामधुमीत माणूस तोंडात बसलेला शब्दच वापरतो.

आता मोर्चा करतात कसा ते पाहू. किल्ला घ्यायचे मार्ग मोजके असत. रात्री शिड्या लावून चढायचं, आतला माणूस फोडायचा, दाणापाणी तोडून वाट बघत बसायचं, नाहीतर तट फोडायचा. या शेवटच्या मार्गाला मोर्चे लागतात. तट फोडायला तोफ जवळ न्यावी लागते, आणि जवळ नेली की तटावरचे बंदूकवाले गोलंदाजाला टिपतात. (गोलंदाज म्हणजे मुळात तोफेचे गोळे टाकणारा. तो वानखेडेवर चेंडू टाकायला लागला ही फार पुढची गोष्ट.) म्हणून तोफेच्या आधी आडोसा. रात्र पडली की खणकाम करणारे बेलदार कुदळी घेऊन पुढे सरकत, चर खणत, निघालेली माती तटाच्या बाजूला टाकून बांध घालत. त्यावर मातीने भरलेल्या गोण्या, लाकडं, झाडोरा. उजाडलं की काम थांबायचं, दुसऱ्या रात्री आणखी थोडं पुढे. चर सरळ तटाच्या रोखाने खणायचा नाही, तिरपा खणायचा. सरळ खणला तर तटावरून सुटलेला गोळा चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसं लोळवत जातो. असा पुरेसा जवळ आलेला, तोंड तटाकडे असलेला, तोफ आणि बंदूकवाले मावतील असा पक्का आडोसा म्हणजे मोर्चा. आडोसा पुरेना, उंची हवी असेल, तर माती-लाकडाचा उंच ओटा उभारायचा. तो दमदमा.

चाकणचं उदाहरण घ्या. आज चाकण म्हटलं की एमआयडीसी, मोटारींचे कारखाने आणि वाहतूक कोंडी आठवते; पण गावात संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे, त्याचे बुरूज आणि खंदकाच्या खुणा अजून दिसतात. जून 1660 मध्ये शाहिस्तेखानाने याला वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर शिबंदी, म्हणजे किल्ला राखणारी फौज. खानाने किल्ल्याच्या चारही बाजू सरदारांना वाटून दिल्या आणि उत्तरेकडचा मोर्चा स्वतःकडे ठेवला. हे ‘वाटून देणं’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. प्रत्येक मोर्चा कुणाचा तरी असे: अमक्या सरदाराचा मोर्चा, तमक्याचा मोर्चा. त्याने आपल्या माणसांनिशी तो खणायचा, राखायचा आणि तिथून पुढे सरकायचं.

सगळा पावसाळा. मावळातला नसला तरी चाकणचा पाऊस काही कमी नाही; खणलेले चर पाण्याने भरत, दारू दमट होई. तरी जवळपास दोन महिने हे चाललं. खानाच्या मोर्चातून कोपऱ्याच्या बुरुजाखाली भुयार नेलं गेलं, त्यात दारू ठासली आणि 14 ऑगस्टला सुरुंग उडवला. बुरूज माणसांसकट उडाला. मोगल आत घुसायला धावले तर पडलेल्या बुरुजामागे मराठ्यांनी मातीचा उंच बांध घालून ठेवलेला! म्हणजे आतल्यांनीही आपला मोर्चा बांधला होता. तो दिवस त्यांनी त्या बांधाआडून लढून काढला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. फिरंगोजीचं शौर्य शत्रूनेही मानलं.

पुरंदरावर पाच वर्षांनी हेच जरा वेगळ्या तऱ्हेने घडलं. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी 1665 च्या वसंतात वेढा घातला तेव्हा त्यांचं पहिलं लक्ष्य पुरंदर नव्हतं, शेजारचा वज्रगड होता. कारण साधं आहे. वज्रगड हातात आला की तिथून पुरंदरच्या माचीवर मारा करता येतो. अब्दुल्ला खान, फत्तेलष्कर आणि हाहेली अशी नावं असलेल्या तीन थोराड तोफा डोंगराच्या चढावर ओढून नेण्यात आल्या. अशी तोफ एकदा बसवली की बसवली. एप्रिलच्या मध्यावर वज्रगड पडला, मग मोर्चे पुरंदराकडे फिरले, सफेद बुरुजासमोर लाकडी दमदमा उभा राहिला, मुरारबाजी देशपांडे पडले आणि जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. 23 किल्ले गेले. मराठ्यांनीही ही विद्या चांगली आत्मसात केली होती. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसईला पोर्तुगिजांविरुद्ध मोर्चे आणि सुरुंग लावूनच किल्ला घेतला.

या दोन-तीन वेढ्यांवरून आजचे वाक्प्रचार वाचायला घेतले की ते एकदम ठसठशीत दिसायला लागतात. ‘मोर्चेबांधणी’ घ्या. मंत्रिमंडळाचा विस्तार जवळ आला की ‘इच्छुकांची मोर्चेबांधणी सुरू’ अशी बातमी हमखास येते. हे रूपक नेमकं आहे. मोर्चेबांधणी म्हणजे लढाई नव्हे, लढाईआधीचं अंधारातलं मातीकाम. ती गाजावाजा न करता होते, समोरच्याच्या टप्प्यात राहून होते, आणि तिचा उद्देश जवळ सरकणं हा असतो. दिल्लीला दोन फेऱ्या, नाराज आमदारांसोबत एक जेवण, जातीच्या संघटनेकडून एक पत्रक, वाढदिवसाचे फलक. तोफ अजून उडालेली नाही. म्हणून एखाद्या नेत्याने भर सभेत ‘मला मंत्री करा’ असं ओरडून सांगितलं तर त्याला मोर्चेबांधणी म्हणू नये. तो उघड्या मैदानावर आला, त्याचं जे व्हायचं ते होईल.

‘मोर्चा वळवणे’ याची मात्र आपण फार थट्टा केली आहे. पावसाने आपला मोर्चा विदर्भाकडे वळवला. बिबट्याने मोर्चा वस्तीकडे वळवला. पंगतीत बसलेल्या पाहुण्यांनी मसालेभात संपवून मोर्चा जिलेबीकडे वळवला. शेवटचा प्रयोग मला मनापासून आवडतो, कारण त्यात अजून थोडी तोफ शिल्लक आहे: एक ठाणं पडलं, आता दुसऱ्यावर मारा. पण खऱ्या लढाईत मोर्चा वळवणं म्हणजे मान वळवणं नव्हतं. थोराड तोफ बैल आणि माणसं लावून ओढायची, नवा आडोसा खणायचा, दारूगोळा हलवायचा, आणि या सगळ्यात आधीच्या बाजूला आपण उघडे पडणार हे पत्करायचं. तेव्हा राजकीय पक्ष ‘आता मराठवाड्याकडे मोर्चा वळवणार’ असं म्हणतो त्यात अजून अर्थ आहे: कार्यकर्ते, पैसा, सभा सगळं हलवावं लागतं आणि मागे कुणीतरी नाराज होतं. पावसाच्या बाबतीत तो शब्द नुसता सवयीने येतो. येईना का.

आता मुख्य प्रश्न. जागचा न हलणारा मोर्चा चालायला कसा लागला?

एक उत्तर फार सहज सुचतं: इंग्रजी ‘मार्च’. नाद जवळचा, अर्थही चालण्याचा, आणि आंदोलनं तर इंग्रजांच्याच काळात वाढली. इंग्रजी शब्दाने या बदलाला थोडा धक्का दिलाही असेल. पण मराठीने दोघांना एक मानलेलं नाही, आणि याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं म्हणून नोव्हेंबर 1979 मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे माणसं चालत निघाली, त्याला सगळ्यांनी ‘लाँग मार्च’ म्हटलं. मार्च 2018 मध्ये किसान सभेचे हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत मुंबईला आले, तोही लाँग मार्च. जिथे अंतर, पायपीट, फाटलेले तळपाय हाच मुद्दा आहे तिथे मराठी माणसाने ‘मार्च’ घेतला. 1980 च्या डिसेंबरात शरद पवारांनी जळगावहून नागपूरला शेतकऱ्यांना चालत नेलं तेव्हा त्या पदयात्रेचं नाव झालं ‘शेतकरी दिंडी’, म्हणजे शब्द वारीतून घेतला. मोर्चाला अंतर लागत नाही. चौकातून समोरच्या तहसीलपर्यंतचे दोनशे पावलं चालले तरी तो मोर्चा होतो. त्याला लागतं ते समोरचं दार.

माझ्या मते उलगडा इथेच आहे. वेढ्यातला मोर्चा एकेक रात्र करून पुढे नेला जात असे. ‘मोर्चे पुढे नेले’, ‘मोर्चा तटाला भिडवला’ असं म्हणताना माती पुढे जात नव्हती, माणसं जात होती. आणि प्रत्येक मोर्चा कुणाचा तरी होता, हे चाकणला आपण पाहिलं. म्हणजे ‘मोर्चा’ हा जागेइतकाच तिथल्या तुकडीचाही शब्द झालेला होता. तोफा गेल्या, तट गेले, सत्ता दगडी किल्ल्यातून दगडी कचेरीत गेली. राहिली ती एका बाजूने चाल करून जाणारी, कुणाच्या तरी नावाची तुकडी: गिरणी कामगारांचा मोर्चा, अंगणवाडी सेविकांचा मोर्चा, कांदा उत्पादकांचा मोर्चा. चाल करायची जागाही राहिली. त्या जागेला जोडलेला ‘वर’ सुटला नाही.

21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत संप झाला आणि लोक फ्लोरा फाउंटनवर जमून कौन्सिल हॉलच्या दिशेने निघाले. आत विधानसभा बसली होती. गोळीबार झाला, माणसं मेली. आज तिथे हुतात्मा चौक आहे. ज्या इमारतीवर ते चालून जात होते, तो जुना कौन्सिल हॉल, तिथे आता राज्याच्या पोलीस महासंचालकांचं मुख्यालय आहे.

पुढे मोर्चांनी हत्यारं बदलली, आणि इथे मराठी माणसाची, खरं तर मराठी बाईची, कल्पकता बघण्यासारखी आहे. 1972 च्या दुष्काळानंतर महागाई भडकली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या मागे मुंबईतल्या बायका थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणे मोर्चा. आवाज तोफेचाच, फक्त पितळी थाळीचा. पाण्यासाठी हंडा मोर्चा निघतो. रिकामा हंडा हे हत्यारही आणि पुरावाही. आदिवासी विकास भवनावर जाणारा बिऱ्हाड मोर्चा तर जुन्या अर्थाच्या सगळ्यात जवळ पोचतो, कारण ती माणसं चूल, भांडी, पोरंबाळं घेऊन येतात आणि मागणी मान्य होईपर्यंत दारातच तळ ठोकतात. तो सरळसरळ वेढा आहे. आणि 2016 मध्ये कोपर्डीच्या घटनेनंतर 9 ऑगस्टला औरंगाबादला पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला. लाखांनी लोक, पुढे मुली, एक घोषणा नाही. मूळ अर्थाने पाहिलं तर ‘मूक मोर्चा’ म्हणजे न उडणारी तोफ. पण वेढा घालणाऱ्यांना ठाऊक असतं की बसवलेली आणि अजून न उडालेली तोफ आतल्यांची झोप जास्त उडवते.

मोर्चा दारात पोचल्यावर काय होतं ते कुठल्याही जिल्ह्याच्या गावी उभं राहून पाहावं. फाटकापासून थोडं अलीकडे लोखंडी कठडे लावलेले असतात. पुढच्या रांगेतल्या पोरी-पोरांनी त्या कठड्यांना हात लावून एकदा हलवून बघायचं असतं. पोलिसांनाही ते अपेक्षित असतं, ते पलीकडून तितक्याच जोराने धरून ठेवतात. घोषणा टिपेला जातात. मग निरीक्षक साहेब कुणालातरी बाजूला घेऊन सांगतात, ‘पाच जणांची नावं द्या.’ यावर दहा मिनिटं वाद, कारण प्रत्येक गटाचा एक तरी आत जायला हवा. शेवटी सात जण जातात. शिष्टमंडळ म्हणतात त्याला. आत निवेदन दिलं जातं, साहेब नसले तर निवासी उपजिल्हाधिकारी ते घेतात, आवक-जावक टेबलावर शिक्का मारून पोच मिळते, दाराशी फोटो निघतो. बाहेर टेम्पोवर चढून भाषण होतं: ‘आठ दिवसांत निर्णय झाला नाही तर...’ आणि ऊन उतरायच्या आत माणसं आपापल्या एसट्या गाठतात.

वेढ्यातही असंच होतं. दोन्ही बाजू थकल्या की गोळीबार थांबे, वकील आत-बाहेर करीत, अटी ठरत. सुखरूप बाहेर जाऊ देण्याचं वचन म्हणजे कौल, तो घेऊन शिबंदी किल्ला खाली करी. आज ‘जनतेचा कौल’ म्हणताना आपण तो मतपेटीत शोधतो. म्हणून मोर्चातली सगळ्यात महत्त्वाची घटना चालणं नसते, आतून कुणीतरी बोलायला येणं ही असते. ‘मोर्चाला सामोरे जाणे’ हा मंत्र्यांच्या बाबतीत वापरला जाणारा वाक्प्रचार उगाच नाही. सामोरा गेला नाही तर काय होऊ शकतं हे नागपूर विसरलेलं नाही.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन म्हणजे मोर्चांचा हंगाम. तिथे पोलीस कोणता मोर्चा कुठून निघणार आणि कुठे अडवायचा हे आधीच ठरवतात, आणि त्या अडवण्याच्या ठिकाणांना ‘मोर्चा पॉइंट’ असं चक्क नाव आहे. मॉरिस कॉलेज टी-पॉइंट हा त्यातला जुना. म्हणजे मोर्चा हा शब्द फिरून एका ठरलेल्या जागेला लागला! मुंबईत पूर्वी मोर्चे काळा घोड्यापाशी अडवत, आता आझाद मैदानातच थांबवतात. मंत्रालयावरचा मोर्चा मंत्रालयापासून दूरच संपतो, तरी नाव ‘मंत्रालयावर मोर्चा’ असंच राहतं. 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी समाजाचा मोर्चा नागपुरात असाच अडवून धरलेला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी. दिवस कलला, गर्दी वाढली, आणि मग उडालेल्या चेंगराचेंगरीत 114 माणसं गेली, त्यात बायका आणि मुलं फार. त्यांच्या नावाचं स्मारक शहरात आहे, उड्डाणपूलही आहे.

मोर्चाच्या आजूबाजूला अशाच जागा बदललेल्या शब्दांची वस्ती आहे. निवडणुकीच्या बातम्या जरा लक्ष देऊन वाचल्या तर त्यात उघड्या मैदानावरची लढाई कमी आणि किल्ल्याचा वेढा जास्त सापडतो. आधी मोर्चेबांधणी, मग नाराजांची रसद, मग ऐनवेळची कुमक, मग सुरुंग, मग तटाला भगदाड किंवा खिंडार, आणि शेवटी बालेकिल्ला ढासळतो. क्रमसुद्धा बरोबर. 1995 पासून भाजपकडे असलेली पुण्याची कसबा पेठ 2023 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसने जिंकली तेव्हा यातले बहुतेक शब्द एका दिवसात वाचायला मिळाले. सह्याद्रीतल्या माणसाची लढाई किल्ल्याभोवती झाली, त्यामुळे त्याचं रूपकही तिथूनच येणार. एक तक्रार मात्र आहे. बालेकिल्ला म्हणजे किल्ल्यातला सगळ्यात वरचा, सगळ्यात आतला भाग. बाहेरच्या माच्या पडल्या तरी शेवटी जिथे लढायचं ती जागा. राजगडाला माच्या तीन आहेत, बालेकिल्ला एकच. एका पक्षाचे राज्यात बारा-पंधरा बालेकिल्ले कसे असतील? त्यातल्या बऱ्याच साध्या चौक्या असतात, पडल्यावर त्यांना बढती मिळते.

‘एल्गार’ हा आणखी एक. मोर्चाच्या नावापुढे तो हल्ली हमखास लागतो. तुर्की-फारसीकडून आलेल्या या शब्दाचा अर्थ वेगाने केलेली चाल, झपाट्याचा हल्ला. मोर्चा हे संथ, रात्रीमागून रात्र चालणारं काम. एल्गार एका दमात होतो. तेव्हा ‘एल्गार मोर्चा’ हे नाव जरा ओढाताणीचं आहे, पण फलकावर भारदस्त दिसतं. ‘घेराव’ मात्र शब्दाला जागतो. 1967 च्या सुमारास बंगालमधल्या कामगार लढ्यांनी तो देशभर पोचवला. मोर्चा दाराबाहेर थांबतो. घेरावात साहेबाला खुर्चीसकट वेढतात आणि घरी जाऊ देत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हिंदीमुळे. हिंदीत हा शब्द आपल्यासारखा रस्त्यावर तितकासा उतरला नाही, तो लढाईच्या आघाडीचाच अर्थ धरून बसला. तिकडे ‘तीसरा मोर्चा’ म्हणतात त्याला आपण ‘तिसरी आघाडी’ म्हणतो. झारखंड मुक्ती मोर्चा, गोरखा जनमुक्ती मोर्चा, 2020-21 मध्ये दिल्लीच्या सीमेवर बसलेला संयुक्त किसान मोर्चा, ही सगळी संघटनांची नावं आहेत; त्यातलं कुणी झेंडे घेऊन चालत असो वा नसो. भाजपचे युवा मोर्चा, महिला मोर्चा याच अर्थाने नावात आले आणि मराठीत तसेच राहिले. त्यामुळे ‘महिला मोर्चाचा महापालिकेवर मोर्चा’ असा मथळा अधूनमधून वाचायला मिळतो, आणि तो व्याकरणाने संपूर्ण बरोबर असतो.

चुकतं ते भाषांतरात. हिंदी बातमीत ‘मोर्चे पर तैनात जवान’ असतात, त्यांचं मराठीत ‘मोर्चावर तैनात जवान’ होतं. वाचणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्यांना कुठल्यातरी आंदोलनाच्या बंदोबस्ताला उभं केलंय. ‘आघाडीवर तैनात’ म्हटलं की काम भागतं. आणि ‘सीमेवर’ म्हणता येत असेल तर तेच म्हणावं.